विद्येचे मोल कोणी भरावे?

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आम्ही आपणांपुढे एक रोकड्या हिशेबाचा विषय मांडतो. पिंपरीच्या कारखान्यांत घाम गाळून ज्यांनी हे धर्मग्राम उभे केले, त्यांची नातवंडे आज विद्यापीठाच्या दाराशी उभी आहेत. संत तुकाराम नगरात तर विद्यापीठ घरासमोरच आहे. तथापि आपले मूल ख्रिस्ती विद्यापीठात शिकावे, अशी पुष्कळ आईबापांची इच्छा असते. ती स्तुत्यच होय. कार्मेल संघाच्या धर्मगुरूंनी १९६९ साली बंगळुरात स्थापिलेले क्राइस्ट कॉलेज २००८ साली अभिमत विद्यापीठ झाले, व त्याची एक शाखा आपल्याच जिल्ह्यात लवासा येथे आहे. परंतु दारावर क्रूस असला म्हणून शुल्क हलके होते, असे मात्र नाही.

मागे एक कामगार बंधू आम्हांकडे आले. त्यांच्या कन्येस एका खासगी ख्रिस्ती विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. आम्ही आनंदाने शिफारसपत्र दिले व आपले कर्तव्य संपले असे मानले. शासन शुल्काचा भार उचलील, या भरवशावर त्यांनी हिशेब बांधला होता, तो फसला. वसतिगृह, भोजन व अनामत यांची भर निराळीच. भविष्यनिर्वाह निधी मोडून त्यांनी एक वर्ष निभावले. दुसऱ्या वर्षी मुलगी घरी परतली. हा दोष त्या पित्याचा नव्हे. विचारपूस न करता सही करणाऱ्या आमचा होय.

म्हणून स्पष्ट सांगतो. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले. परंतु खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली आहेत. प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वी हे पाहावे. अनुदानित महाविद्यालयात शिकून रविवारी मिस्सेला येणारे मूल काही कमी ख्रिस्ती ठरत नाही.

आता दुसरी बाजू. १५४८ साली येशूसंघीयांनी मेस्सिना नगरात महाविद्यालय उघडले, तेव्हा विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतले जात नसे. खर्चाचा भार नगराने वाहिला. येशूसंघास शुल्क घेण्याची मोकळीक मिळाली ती १८३३ साली, जेथे असा आश्रय नव्हता तेथील शाळांसाठी. विद्या तेव्हाही फुकट नव्हती. तिचे मोल विद्यार्थ्याऐवजी समाज भरीत असे. आमच्या स्वतःच्या सेमिनरीतील शिक्षणाचा भार तरी आमच्या वडिलांवर कोठे पडला? तो आपणांसारख्या भाविकांच्या दानपेटीने वाहिला. त्या ऋणाची आठवण ठेवून आज बोलतो आहो.

आमची विनंती दोन गोष्टींची. यापुढे शिफारसपत्रापूर्वी आईबापांसह बसून सर्व वर्षांचा पूर्ण खर्च मांडू. कर्ज घ्यावयाचे तर त्याचा हप्ताही मांडू. आणि महोत्सवाच्या रोषणाईतून काटकसर करून बिनव्याजी विद्यानिधी उभारू. आज ज्याने घ्यावे, त्याने नोकरी लागताच परत भरावे, म्हणजे पुढच्या लेकरास तो मिळेल. पहिली भर आमच्या एका महिन्याच्या मानधनाची.

दिवे महोत्सवासोबत विझतील. विद्येचा दिवा घराघरांत तेवत राहो, हीच प्रभुचरणी प्रार्थना. आमेन.