केसचा कागद चुलीत घालू नका
(तालुका मेळाव्यात युवा कार्यकर्त्यांनी केलेले भाषण)



फॉरेस्टवाल्यांवर आपण रोजच बोलतो. आज कोर्टावर आणि वकिलावर बोलू.

तारीख म्हणजे काय, हे आपल्या पाड्यांना सांगायला नको. पहाटेची एसटी धरायची, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं, संध्याकाळी पुढची तारीख घेऊन घरी यायचं. साक्षीदार गार्ड आला नाय तर तारीख पडते. आपण गेलो नाय तर वॉरंट निघतं. देशात खालच्या कोर्टांमध्ये 4 कोटींहून जास्त खटले पडून आहेत. त्या ढिगात आपली नांगरटीची केस खाली दबलेली असते.

मग कोणीतरी सांगतो, "गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो." दमलेला माणूस मान डोलावतो. काय कबूल केलं ते त्याला कळलेलंच नसतं, कारण कोर्टात बोलतात ती भाषा आपल्या घरची नाय. साहेबांना सांगायचं, "मला समजलं नाय, माझ्या भाषेत सांगा." हे मागणं उद्धटपणा नाय, आपला हक्क आहे.

आता वकील. सरकारी वकील सरकारची बाजू मांडतो, तो आपला नाय. आपला वकील तालुका विधी सेवा समितीकडून मिळतो. 1987 च्या कायद्याने आदिवासी माणसाला हा वकील फुकट आहे, कमाई कितीही असो. जातीचा दाखला आणि अर्ज द्यायचा. त्याने पैसे मागितले तर समितीकडे तक्रार करायची.

वकिलाचीही अडचण आपण समजून घेऊ. त्याला या कामाचं मानधन थोडं आणि केसेस ढीगभर. पुष्कळदा तो 1927 चा वन कायदा वाचून येतो, 2006 चा वनहक्क कायदा त्याला ठाऊक नसतो. मग तो आपणच सांगायचा. कलम 4(5) म्हणतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून काढता येत नाय. दाव्याची पोच वकिलाच्या हातात द्या आणि ती कोर्टापुढे ठेवायला लावा.

13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढा असा हुकूम दिला. देशभर आदिवासी उठले. 28 फेब्रुवारीला त्याच कोर्टाने हुकूम थांबवला. तेव्हा एक गोष्ट पक्की समजली. दावा फेटाळला म्हणून गप्प बसणं सगळ्यात धोक्याचं. कारण लेखी मागा आणि 60 दिवसांत वरच्या समितीकडे अपील करा.

आता मुख्य गोष्ट. आपल्या बापजाद्यांवर जमीन कसली म्हणून केसेस झाल्या, दंड झाले. त्या पावत्या, ती समन्सं लाज वाटून कोणी चुलीत घातली, कोणाची वाळवीने खाल्ली. पण वनहक्काच्या नियम 13 मध्ये कोर्टाचे कागद पुरावा म्हणून धरले आहेत. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा नांगरटीचा दंड म्हणजे काय? आम्ही तेव्हा तिथे कसत होतो, हे सरकारनेच लिहून दिलं! ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद आज पोराची जमीन वाचवू शकतो. त्याला जोड म्हणून म्हाताऱ्यांचे जबाब घ्या, बांध आणि जुनी झाडं दाखवा. एका पुराव्यावर थांबू नका.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेने तीन कामं ठरवावी. गावातल्या सगळ्या केसेसचे कागद एका फाईलीत आणून नकला काढायच्या. तारखेला कोणी एकटा जाणार नाय, शिकलेलं एक पोर सोबत जाईल. आणि कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाय, मग समोर गार्ड असो की आपलाच वकील.

वकील कोर्टात बोलेल. पण काय बोलायचं ते गावात बसून आपण ठरवू.

जोहार! जिंदाबाद!