टोके नसलेला रेणू आणि फुप्फुसाचा कर्करोग

जनुकातील माहिती प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचवणारा संदेशवाहक आरएनए हा दोऱ्यासारखा सरळ रेणू असतो, आणि त्याचे काम संपले की पेशीतील विकरे त्याला टोकांकडून कुरतडत नाहीसे करतात. असा संदेश तयार होताना जनुकाच्या नकलेतील काही भाग कापून टाकले जातात आणि उरलेले खंड ओळीने सांधले जातात; मात्र कधी कधी पुढच्या खंडाचा शेवट मागच्या खंडाच्या आरंभाला जोडला जातो आणि बांगडीसारखा बंद असा वर्तुळाकार आरएनए तयार होतो. कुरतडायला टोकच नसल्यामुळे तो सरळ आरएनएपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकतो. १९७९ मध्ये असे रेणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते, तरी बराच काळ ती जोडणीतली चूकच मानली गेली.

हा समज २०१३ मध्ये बदलला. सूक्ष्म आरएनए हे संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मिती रोखणारे छोटे रेणू असतात. त्यांपैकी मायआर-७ या रेणूला चिकटण्याच्या सत्तरहून अधिक जागा एकाच वर्तुळाकार आरएनएवर आढळल्या. मायआर-७ एरवी ईजीएफआर या वाढीचा इशारा पेशीत पोहोचवणाऱ्या प्रथिनाला आवर घालतो; तोच असा अडकून पडला, तर हा आवर सैल होतो आणि पेशींच्या वाढीला मोकळीक मिळते. फुप्फुसाच्या कर्करोगातही असे घडत असल्याचे प्रयोगशाळेतील अभ्यासांतून दिसले आहे.

दुसरे उदाहरण ईएमएल४ आणि एएलके या दोन जनुकांचे आहे. ती तुटून एकमेकांना जोडली गेल्याने फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, हे जपानी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. पुढे २०१८ मध्ये याच जोडजनुकापासून बनलेला वर्तुळाकार आरएनए रुग्णांच्या रक्तद्रवात सापडला. अर्बुदाला मदत करणारा हा रेणू रक्तात त्याची खूणही सोडतो, म्हणून भविष्यातील रक्तचाचणीसाठी संशोधक त्याच्याकडे आशेने पाहतात.

आज मात्र निदानाचा आधार सीटी स्कॅन आणि बायोप्सी हाच आहे, त्यामुळे वर्तुळाकार आरएनएच्या नावाने खात्रीशीर निदानाची जाहिरात कोणी केली, तर श्रोत्यांनी तिला भुलू नये. तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला, थुंकीतून रक्त येणे किंवा कारणाविना घटणारे वजन यांकडे दुर्लक्ष करू नये. ही लक्षणे क्षयरोगाची समजून त्याचे औषध चालू असूनही उतार पडत नसेल, आणि थुंकीच्या तपासणीत क्षयजंतू सापडलेले नसतील, तर कर्करोगाची शक्यता तपासून घ्यावी. विडी-सिगारेट सोडणे हा प्रतिबंधाचा सर्वांत परिणामकारक उपाय होय. तरीही एएलकेचा दोष धूम्रपान न करणाऱ्यांत तुलनेने अधिक आढळत असल्याने, निर्व्यसनी माणसाला हा रोग होणारच नाही असे गृहीत धरू नये. निदान झालेच, तर बायोप्सीच्या ऊतीवर ईजीएफआर आणि एएलके यांच्यातील दोषांची तपासणी झाली आहे का, हा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावा. कारण या दोन्ही दोषांवर नेमकी काम करणारी औषधे आज उपलब्ध आहेत.