हजेरीपटावरच्या मुली



आमच्या 2006 च्या दहावीच्या वर्गाचं स्नेहसंमेलन कळंबला झालं. मुलगे बत्तीस आले, मुली चार. बाकीच्या मुलींचे फोन नंबरच कुणाकडे नव्हते.

मग एकीला शोधत मी तिच्या सासरी गेले. शाळेतलं नाव सांगितलं, तर गल्लीत कुणी ओळखेना. लग्नात आडनावाबरोबर तिचं नावही बदललेलं. सोळाव्या वर्षी लग्न. दरसाल दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. मुलगी नववीत, तेव्हा आजीजवळ राहते. जुन्या नावानं हाक मारली, तशी ती दारातच थबकली. सासूबाई म्हणाल्या, "मला बी माहेरचं नाव हाय की. कुनी इचारलंच न्हाई."

नाव म्हणजे नुसती हाक नव्हे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तो मागायला गेलं, की शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आपणच, हे आधी दाखवून द्यावं लागतं. लग्नात नाव बदललंच पाहिजे, असा कायदा मात्र नाही.

निघताना मैत्रीण म्हणाली, "पोरीचं नाव बदलू देनार न्हाई. अन् अठराच्या आत लगीन बी न्हाई."

आपणही प्रत्येकीनं वर्गातली एकेक मैत्रीण शोधू या. तिच्या पहिल्या नावानं.