कुंपणाची मर्यादा आणि रस्त्याचा हक्क

(लष्कर, ग्वाल्हेर येथील मराठी नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण मराठी माणसाच्या ओठांवर सहज येते. ज्याने राखण करावयाची त्यानेच अपहार केला, असा तिचा आशय. शेताच्या बाबतीत ही म्हण लाक्षणिक आहे. शहराच्या बाबतीत मात्र ती अक्षरशः खरी ठरू शकते. शहरातील कुंपण रस्ता खाते. भिंत पडते, नव्याने उभी राहते आणि उभी राहताना वीतभर पुढे येते. समोरचा घरमालकही मग मागे राहत नाही. दोन्ही बाजूंच्या या वितींची बेरीज होते, तेव्हा ज्या गल्लीतून पूर्वी बैलगाडी जात असे, तिच्यात रुग्णवाहिका शिरू शकत नाही. म्हणून निवासी आणि वाणिज्यिक कुंपणांच्या नियमांची फेरमांडणी हा विषय दिसतो तितका किरकोळ नाही.

लष्करात या विषयाला विशेष अर्थ आहे, कारण हे शहरच छावणीतून जन्मले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी उज्जैनहून आपले ठाणे ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आणले. तंबूंच्या जागी घरे झाली, घरांचे मोहल्ले झाले. नाव मात्र ‘लष्कर’ हेच राहिले. कंपू, जिन्सी, शिंदे की छावणी ही नावे आजही त्या काळाची साक्ष देतात. ‘चिटणीस की गोठ’ यातील ‘गोठ’ ऐकताच मराठी कानाला ‘गोट’ आठवतो. गोट म्हणजे सरदाराच्या छावणीचे आवार. प्रत्येकाचा गोट वेगळा आणि मधली वाट सर्वांची, हा कोणत्याही छावणीचा पहिला नियम होय. ‘वाडा’ हा शब्दही संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, यावरून आला. हिंदीत त्याचा ‘बाडा’ झाला. आणि कुंपणाआतल्या जागेचे हे नाव लष्करातील सर्वांत गजबजलेल्या खुल्या चौकाला, जयाजी चौकाला, कायमचे चिकटले. महाराज बाड्यावर उभा राहणारा नागरिक एका अर्थी आवार आणि रस्ता यांच्या सीमेवरच उभा असतो.

जुना वाडा आणि नवा बंगला यांच्या रचनेतील भेद येथे ध्यानी घेणे आवश्यक आहे. वाड्याला निराळे कुंपण नसे. घराची बाह्य भिंत हीच त्याची सीमा. ती थेट रस्त्याला भिडलेली, आणि मोकळी जागा आत, चौकात. बंगल्याची पद्धत नेमकी उलट. घर मधोमध, मोकळी जागा चोहोबाजूंनी आणि तिच्या कडेने स्वतंत्र आवारभिंत, म्हणजे नित्याच्या बोलीतील ‘कंपाउंड वॉल’. आज प्रचलित असलेले बहुतेक नियम ही दुसरी पद्धत डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. ते वसाहतींना लागू पडतात. जुन्या पेठांत मात्र त्यांची ओढाताण होते. म्हणूनच एकच माप साऱ्या शहराला लावण्याऐवजी जुनी दाट वस्ती, नव्या निवासी वसाहती आणि बाजारपेठा असे तीन वर्ग करून विचार करणे युक्त ठरेल.

भारतात नगररचनेचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये झाला. त्याच सुमारास, १९१४ मध्ये, पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विचारवंत या देशात आले. होळकर दरबारासाठी त्यांनी तयार केलेला इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या वस्तीवर सरसकट नांगर फिरवू नये. आधी ती पायी हिंडून पाहावी आणि जेथे अडचण असेल तेथेच बेताने काटछाट करावी, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. कुंपणाच्या नियमांनाही हेच सूत्र उपयोगी पडावे.

मध्य प्रदेशात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम. भूमि विकास नियम १९८४ मध्ये आले; त्यांची जागा २०१२ च्या नियमांनी घेतली आणि त्यांतही पुढे दुरुस्त्या होत गेल्या. बांधकामाची परवानगी आणि अतिक्रमणाचा बंदोबस्त ही कामे १९५६ च्या नगरपालिक निगम अधिनियमानुसार महानगरपालिकेकडे येतात. या सर्वांमागे तांत्रिक आधार आहे तो राष्ट्रीय इमारत संहितेचा. ती प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारली गेली. अनेक राज्यांच्या नियमांत तिचीच मापे थोड्याफार फरकाने आढळतात.

ती मापे अशी आहेत. पुढील रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजता आवारभिंतीची उंची सामान्यतः १.५ मीटरपेक्षा अधिक नसावी. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा अथवा गजांचा, म्हणजे आरपार दिसणारा असेल, तर २.४ मीटरपर्यंत उंची चालते. कोपऱ्यावरील भूखंडास चौकापासून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत केवळ ०.७५ मीटर ठेवावी. त्यावरील भाग हवाच असेल तर तो खुल्या रचनेचा असावा. कारखाने, शाळा, रुग्णालये, विद्युत उपकेंद्रे अशा ठिकाणी प्राधिकरणाच्या अनुमतीने २.४ मीटर उंची देता येते. फाटक मात्र सर्वत्र आतल्या बाजूस उघडले पाहिजे. रस्त्यावर किंवा पदपथावर नव्हे.

हे आकडे कोरडे वाटतात. परंतु प्रत्येक आकड्यामागे एक माणूस उभा आहे. मोटार चालविणाऱ्याची दृष्टी रस्त्यापासून सुमारे १.२ मीटर उंचीवर असते, असे रस्त्यांच्या आखणीत धरतात. चार वर्षांचे मूल साधारणतः एक मीटर उंच असते. कोपऱ्यावरची भरीव भिंत १.५ मीटर असेल, तर चेंडूमागे धावत आलेले मूल भिंतीच्या टोकाशी येईपर्यंत चालकाला दिसतच नाही. तीच भिंत ०.७५ मीटर असेल, तर मुलाचे डोके आणि खांदे आधीच दिसतात आणि पाय ब्रेकवर जातो. एका सामान्य अपघाताचा आणि एका घरच्या आयुष्यभराच्या दुःखाचा निर्णय या पाऊण मीटरवर होऊ शकतो. इंग्लंडमध्येही हाच विवेक दिसतो. वाहनांच्या रस्त्यालगतचे कुंपण १ मीटरपर्यंत आणि अन्यत्र २ मीटरपर्यंत असेल, तर तेथे सामान्यतः नियोजन खात्याची वेगळी परवानगी लागत नाही.

आता नियम अद्ययावत का करावयाचे, हा मुख्य प्रश्न. पहिले कारण रस्त्याच्या पातळीचे. उंची रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजावयाची. परंतु रस्ता एका जागी स्थिर कोठे असतो? जुना थर न खरवडता डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर चढला, की रस्ता वर येतो आणि घराचे जोते खाली जाते. पावसाचे पाणी अंगणात शिरू नये म्हणून घरमालक भिंत वाढवितो. त्या भिंतीला निचऱ्याचे छिद्र नसते, म्हणून पाणी शेजाऱ्याकडे वळते. अशा रीतीने रस्त्याची चूक भिंतीत शिरते आणि भिंतीची चूक शेजारात. यास्तव नव्या नियमात मोजणीचा स्थिर संदर्भबिंदू, जुना थर काढल्यावाचून नवा न घालण्याचे बंधन आणि भिंतीच्या तळाशी पाण्याला वाट, या तीन गोष्टी एकत्र याव्यात.

दुसरे कारण बदलत्या वापराचे. विकास योजनेच्या नकाशावर निवासी आणि वाणिज्यिक विभाग वेगवेगळ्या रंगांत स्पष्ट दिसतात. पेठेत ते एकमेकांत मिसळलेले असतात. खाली दुकान, वर बिऱ्हाड ही लष्करची जुनी रीत आहे. वाड्याच्या ओसरीत दवाखाना येतो, माडीवर शिकवणीवर्ग भरतो, परसातील खोली गोदाम होते. वापर बदलतो, पण कुंपण जुनेच राहते. घराच्या कुंपणाचे काम आडोसा देणे हे आहे. दुकानाचे काम ग्राहकाला आत घेणे हे आहे. त्यामुळे दुकानापुढे भरीव भिंतीचे प्रयोजन नाही. तेथे दुखणे वेगळेच असते. साखळदंड, लोखंडी खांब, फुलझाडांच्या जड कुंड्या आणि पदपथावर उतरलेल्या पायऱ्या यांनी न सांगता एक कुंपण उभे राहते. वाहनांसाठी राखलेली समोरची जागा बंदिस्त होऊन तेथे माल रचला जातो आणि वाहने रस्त्यावर येतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी निर्वेध हवी. बाजारपेठेसाठी नियम करताना ‘कुंपण’ या शब्दाच्या व्याख्येतच हे सारे अडथळे समाविष्ट करणे अगत्याचे आहे. मात्र २०१४ च्या कायद्याने संरक्षण मिळालेल्या पथविक्रेत्याची पाटी आणि पक्क्या दुकानाने गिळलेला पदपथ यांना एकाच तराजूत तोलता कामा नये.

घर आणि बाजार जेथे एकमेकांना टेकतात, त्या रेषेचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. दाल बाजारासारख्या घाऊक पेठेत धान्याची धूळ, हमालांची वर्दळ आणि मालमोटारींचा आवाज अटळ असतो. अशा जागी शेजारच्या घराच्या बाजूने उंच व भरीव भिंत हीच दया आहे. म्हणजे पुढची बाजू खुली व ठेंगणी, आणि निवासाकडील बाजू गरजेपुरती उंच, असा उलटसुलट नियमही न्याय्य ठरू शकतो. परंतु अशी भिंत शेजाऱ्याचा उजेड तोडणार नाही, हे पाहिले पाहिजे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाने वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे.

तिसरे कारण सुरक्षिततेचे, आणि ते सर्वांत नाजूक आहे. अनेक जुन्या वाड्यांत आज वृद्ध जोडपी एकाकी राहतात. मुले नोकरीनिमित्त पुण्याला, इंदूरला किंवा परदेशी गेलेली. रात्री पाऊल वाजले की त्यांना भिंत उंच हवीशी वाटते. या भीतीची थट्टा करणे सर्वथा अनुचित होय. परंतु उंच भरीव भिंत चोरास अडविते, तशीच आत शिरलेल्या चोरास लपवितेही. वाटसरूची आणि शेजाऱ्याची नजर ही न पगारी राखण आहे. ती भिंत बांधून बाद करावी काय, याचा शांतपणे विचार व्हावा. खाली भरीव आणि वर आरपार दिसणारी रचना दोन्ही हेतू साधते. काचांचे तुकडे आणि डोक्याच्या उंचीवर आलेली काटेरी तार यांनी चोरापेक्षा वाटेने जाणाऱ्याला इजा होण्याचा संभव अधिक. त्यांवर रस्त्याच्या बाजूने तरी स्पष्ट निर्बंध हवा.

खुल्या रचनेसाठी ग्वाल्हेरला दूर पाहण्याचे कारण नाही. महंमद घौस यांच्या सोळाव्या शतकातील मकबऱ्यातील दगडी जाळ्या जगप्रसिद्ध आहेत. आतल्याला आडोसा, बाहेरच्याला शोभा आणि दोघांनाही वारा, हे त्यांचे कौशल्य. येथील उन्हाळ्याच्या झळा सोसणाऱ्या शहराला असा वारा हवाच. दगडाची जाळी सर्वांना परवडणार नाही हे खरे. परंतु विटांची जाळी, लोखंडी गज किंवा मेंदीचे जिवंत कुंपणही तेच काम करते. अशा कुंपणास परवानगीची सोपी रीत ठेवली, तर लोक दंडाच्या धाकाशिवायही तिकडे वळतील.

नव्या नियमाने जुन्या माणसाला गुन्हेगार ठरवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पूर्वीच्या नियमानुसार बांधलेली भिंत तशीच राहू द्यावी. ती पडून नव्याने बांधावयाची झाल्यास नवा नियम लागू व्हावा. अपवाद फक्त कोपऱ्यांचा, कारण तेथे प्रश्न जीविताचा आहे. आणि तेथे भिंत उतरविण्याचा खर्च गरीब कुटुंबावर एकट्यावर पडू नये. ऐतिहासिक वाड्यांच्या दर्शनी भिंतींनाही मापाच्या चौकटीबाहेर ठेवणे इष्ट.

नियम राजपत्रात प्रसिद्ध झाला म्हणजे काम संपले, असे नव्हे. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती व सूचना मागविल्या जातात. तेव्हा बहुतेक घरे गप्प राहतात आणि भिंत पाडण्याची नोटीस दारावर लागली की सारा मोहल्ला जागा होतो. हा क्रम बदलला पाहिजे. मसुदा आला की तो वाड्यावाड्यांतून वाचला जावा. आपल्या गल्लीची रुंदी दोरी धरून मोजावी आणि तिचा आकडा सूचनेत लिहावा. ‘नियम अन्यायाचा आहे’ या वाक्यापेक्षा ‘आमच्या गल्लीत इतक्या रुंदीवर हा नियम बसत नाही’ हे वाक्य शासनाला अधिक उपयोगी पडते. भिंत बांधण्यापूर्वी जमिनीची मोजणी, ज्याला येथील कार्यालयांत ‘सीमांकन’ म्हणतात, ती करून घ्यावी. महानगरपालिकेच्या भवन-अनुज्ञा शाखेत चालू नियम विचारावा आणि शेजाऱ्याला आधी सांगावे. न्यायालयात वर्षानुवर्षे चालणारे कित्येक दावे या अर्ध्या तासाच्या संभाषणाने टळू शकतात.

कुंपण ज्याच्या पैशाने उभे राहते त्याचे असते, हे खरे. पण त्याची आतली बाजूच तेवढी त्याला दिसते. बाहेरची बाजू जन्मभर इतरांना पाहावी लागते. नियमाने बोलावयाचे ते त्या बाहेरच्या बाजूने, शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आणि काठी टेकीत बाजारात निघालेल्या आजींच्या वतीने. एवढे भान राखून नियम लिहिले गेले आणि पाळले गेले, तर छावणीतून उभ्या राहिलेल्या या शहरात प्रत्येकाचे आवार सुरक्षित राहील आणि मधली वाटही सर्वांची राहील.