शेवग्याची पावडर आणि पाकिटावरची ओळ

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका गटाच्या अध्यक्षताईंनी केलेले भाषण)



मला 'अँटीऑक्सिडंट' या शब्दावर बोलायला सांगितलंय. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या विळीवरची आहे. वांगं चिरून ठेवलं की हवेतल्या ऑक्सिजनने काळं पडतं. लिंबू पिळलं तर काळं पडायला वेळ लागतो. आपल्या शरीरातही ऑक्सिजन वापरला जाताना पेशींना इजा करणारे कण तयार होतात. त्यांना आवर घालणारे घटक म्हणजे अँटीऑक्सिडंट. आवळ्यातलं क जीवनसत्त्व, शेवग्याच्या पाल्यातलं बीटा कॅरोटीन, हळदीतलं कुरकुमिन, जांभळाचा नि कोकमाचा तो लुगड्यावरून न जाणारा रंग, हे सगळे त्यातलेच.

आमच्या गटाने शेवग्याच्या पाल्याची पावडर सुरू केली. पाला धुऊन सुती कपड्यावर सावलीत पसरायचा, रोज खालीवर करायचा. उन्हात लवकर वाळतो, पण हिरवा रंग उडतो आणि बीटा कॅरोटीनही बरंच जातं. हे आम्ही नीट केलं. चुकलं ते पाकिटावर. 'शुगर, बीपी, कॅन्सरवर रामबाण' असं छापून आणलं. बाजारातल्या पाकिटांवर असतं, मग आपणही!

माझ्या सासूबाईंना शुगर आहे. त्यांनी ती ओळ नातवाकडून वाचून घेतली आणि मला न सांगता गोळी बंद केली. रोज दोन चमचे पावडर. दीड महिन्याने पायाची जखम भरेना म्हणून दवाखान्यात नेलं, तर शुगर चारशेच्या वर. डॉक्टरांनी विचारलं, गोळी का सोडली? सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं, "हिच्याच पाकिटावर लिहिलंय." पाय वाचला, पण त्या दिवशी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग मी वाचायला, विचारायला लागले. काचेच्या नळीत जे घडतं ते पोटात तसंच घडेल असं नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर मोठा अभ्यास झाला, १९९४ साली निकाल आला. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायचा सोडून जास्त दिसला. गोळीत एकच घटक भरमसाट असतो. भाजीत अनेक असतात, थोडे थोडे.

म्हणून पाला ताटात हवाच. शेवग्याच्या, टाकळ्याच्या भाजीवर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. (सरपंचबाई हसतायत, पण खरं आहे.) हळद तेलाच्या फोडणीत आणि सोबत मिरी असेल तर कुरकुमिन जास्त शोषलं जातं. आपल्या आज्यांनी हे न शिकता केलं.

आणि खाण्याच्या पाकिटावर 'आजार बरा होतो' असं लिहायला कायद्यानेही मनाई आहे. आता आमच्या लेबलवर नाव, वजन, तारीख, नोंदणी क्रमांक आणि 'डाळीत किंवा थालीपिठात एक चमचा' एवढंच आहे. खाली बारीक अक्षरात, 'चालू औषध बंद करू नये.' पहिल्या महिन्यात विक्री घटली, खोटं कशाला बोलू? दोघीजणी माझ्यावर रागावल्यासुद्धा. आता अंगणवाडीजवळच्या बायका पुन्हा पाकिटं मागायला लागल्यात.

जुन्या लेबलांचा गठ्ठा माझ्याकडे पडून आहे. मागची बाजू कोरी आहे, गटाचा हिशोब त्यावरच लिहितो आम्ही.