निकाल खाप्यात लागतो



कन्हानच्या काठावरच्या या गावात दंतवैद्यांच्या या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. खापा लहान असले, तरी येथील नगरपालिका 1867 सालची आहे. कोष्ट्यांच्या मागांनी गावाला नाव दिले, शेजारच्या गुमगावच्या मँगनीज खाणीने कित्येक घरांची चूल पेटवली, आणि सावनेर तालुक्यातल्या संत्र्याची ओळख विदर्भातल्या मंडळींना मी काय करून देणार?

हिरड्यांच्या पुनर्निर्माण शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन परिणाम हा विषय खाप्यात कशासाठी, असे काही मित्रांनी विचारले. शस्त्रक्रिया नागपूरला होते, हे खरेच. पण टाके निघाले की रुग्ण 35 किलोमीटर मागे आपल्या गावी येतो आणि पुढची वीस वर्षे इथेच घास चावतो. शस्त्रक्रिया कुठेही होवो, निकाल इथे लागतो.

पायरियाने दाताभोवतीचे हाड झिजते. नुसते साफ करून हिरडी शिवली, तर हिरडीची त्वचा झपाट्याने वाढून मुळाशी उतरते आणि हाड व दाताचे तंतू मागे पडतात. मुळावर आधी कोणत्या पेशी पोचतात यावर भरून येणे ठरते, हा विचार मेल्चर यांनी 1976 मध्ये मांडला. 1982 मध्ये नायमन, लिंडे, कारिंग आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये मधे पडदा घालून त्वचेला थोपवले, आणि माणसाच्या दाताला नवे तंतू धरल्याचे दाखवले. बोन ग्राफ्ट त्याआधीपासून होतेच. 2001 च्या सुमारास फ्रान्समधून पीआरएफ, म्हणजे प्लेटलेटयुक्त फायब्रिन, आले. रुग्णाच्याच रक्तातून बनत असल्याने ते आपल्या सरकारी रुग्णालयांनाही परवडले.

हे टिकते का? इटलीतल्या कोर्तेलिनी आणि टोनेटी यांनी वीस वर्षे पाठपुरावा केला. पुनर्निर्माण केलेल्या गटांत उपचार केलेला एकही दात गेला नाही. केवळ फ्लॅप, म्हणजे हिरडी उघडून साफ करून शिवणे, एवढेच केलेल्या गटात आजार अधिक बळावला आणि पुन्हापुन्हा उपचारांचा खर्चही वाढला. त्यांच्याच गटाचा 2020 चा अभ्यास तर मुळाच्या टोकापर्यंत आधार गेलेल्या दातांचा आहे. असे दात आपण एरवी काढूनच टाकतो. दहा वर्षांनंतर त्यातले 88 टक्के दात जागेवर होते, आणि दात काढून इम्प्लांट किंवा ब्रिज बसवण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त ठरला.

मात्र हे रुग्ण निवडून घेतलेले होते आणि नेमाने तपासणीला येत होते. आपला रुग्ण दुखणे थांबले की येणे थांबवतो. ‘साफ केले की दात ढिले होतात’ ही समजूत अजून घराघरांत आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणारे हात थांबलेले नाहीत. तंबाखू हिरडीचा रक्तपुरवठा कमी करते, वाढलेली साखर जखम भरू देत नाही. अशा तोंडात उत्तमातला उत्तम पडदाही वाया जातो, आणि पैसे त्या गरीब माणसाचे जातात.

म्हणून यजमान या नात्याने एक मागणे आहे. दंत महाविद्यालयाने शस्त्रक्रिया केली की रुग्णाच्या हाती एक साधे कार्ड द्यावे: कोणता दात, कोणत्या बाजूला, किती मिलिमीटर खोली, एक्स-रे कधी काढला. आम्ही गावातले डॉक्टर दर तीन महिन्यांनी त्याला बोलावू, खोली मोजू, रक्त येते का पाहू, खर्रा सुटला का विचारू आणि नोंद परत पाठवू. दहा वर्षे हे चालले, तर विदर्भातल्या तोंडांचा निकाल सांगायला आपल्याला इटलीच्या आकड्यांकडे पाहावे लागणार नाही. आजच्या चर्चेतून त्या कार्डाचा मसुदा ठरावा, एवढी समितीची इच्छा आहे.

दुपारी वडाभाताचा बेत आहे. पाहुणचारात उणे राहिले तर सांभाळून घ्या. मांडवाच्या आसपासच्या पानठेल्यांना आज खर्रा ठेवू नका अशी विनंती केली आहे आणि त्यांनी ती मानली आहे. कोणी वक्ताच चोरून शोधताना दिसला, तर त्याचे कार्ड पहिले भरू!