बचाव शिकवणारी माणसं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, दोन जण तर कारखान्यांचे मालक आहेत. केळीचा बाग सांभाळणारे आहेत, कापसाच्या व्यापारात नाव काढलेले आहेत. त्यात संयोजकांनी मला बोलायला उभं केलं. मघाशी चहाच्या टेबलावर एकाने विचारलंच, "काय भो, अजून हुतूतूच खेळतोस का?" त्याला सांगतो, खेळत नाही, शिकवतो. त्यातही फक्त बचाव शिकवतो. चढाई शिकवायला दुसरे आहेत. गेली बावीस वर्षं जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या पोरांना मी एवढंच सांगत आलोय की समोरून येणाऱ्याला धरायचं कसं, आणि धरताना स्वतः मोडायचं नाही कसं.

आपल्यातला एक मित्र सध्या न्यू जर्सीत असतो, आज येऊ शकला नाही. त्याचा मुलगा तिकडे अमेरिकन फुटबॉल शिकतो. मागे त्याने फोनवर आश्चर्याने सांगितलं, "अरे, इथे पोरांच्या अकादमीतसुद्धा बचावाचा कोच वेगळा असतो. पिकलेल्या केसांचे लोक, वर्षानुवर्षं तेवढंच शिकवतात." मी म्हटलं, मग मी वेगळं काय करतो?

तो खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. समोरच्यांनी त्यांना अडवायचं, चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून जमिनीवर आणायचं. चढाई करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे, म्हणून कोचही वेगळे. 2014 साली तिथल्या सर्वांत मोठ्या सामन्यात, सुपर बोलमध्ये, डेन्व्हर आणि सिएटल समोरासमोर आले. डेन्व्हरने त्या मोसमात 606 गुणांचा विक्रम केला होता. सिएटलची ख्याती बचावाची. निकाल लागला 43–8, सिएटलच्या बाजूने. विक्रमी चढाई बचावापुढे आठ गुणांवर थांबली.

आता आपल्या खेळाकडे या. कबड्डीत सात जण उभे असतात. दोन कोपरे, दोन इन, दोन कव्हर आणि मधला एक. चढाईपटू तीस सेकंदांसाठी येतो. पुरुषांच्या मैदानात त्याला मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची निदान रेषा ओलांडावीच लागते. म्हणजे तो आत येणार हे नक्की असतं. प्रश्न एवढाच की तो परत जाणार का. प्रेक्षकांचे डोळे त्याच्या हाताकडे असतात. नवशिक्या बचावपटूचेही तिकडेच असतात, आणि तिथेच तो फसतो. हात फसवतो, खांदा फसवतो, नजर तर हमखास फसवते. कंबर फसवत नाही. माणूस जिकडे जाणार तिकडे त्याची कंबर आधी वळते. पोरांना हे तोंडाने सांगून कळत नाही. शंभर वेळा समोर उभं राहून दाखवावं लागतं.

घोट्याची पकड घ्या. आत आलेला चढाईपटू माघारी वळतो, तेव्हा मागे राहिलेल्या पायावर त्याचं सगळं वजन असतं. तो पाय त्याला लगेच उचलता येत नाही. कोपऱ्यावरच्या पोराला मिळतो तो तेवढा अर्धा क्षण. आधी हात घातला तर पाय निसटतो, उशिरा घातला तर लाथ बसते. आणि घोटा धरला म्हणजे काम झालं असं नाही. कोपऱ्याने धरायचं, कव्हरने पूर्ण करायचं. कव्हर एक पाऊल उशिरा आला, तर धरणाऱ्याला फरफटत घेऊन चढाईपटू मध्यरेषेला हात लावतो. मग सगळे कोपऱ्यावरच्याला बोल लावतात.

इथे आपल्या सरांची आठवण निघणारच. सर समोर बसलेत, म्हणून जपून बोलतो. पकड सुटली की आपल्यातला जो तो धरणाऱ्यावर ओरडायचा. सर शिट्टी वाजवून खेळ थांबवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "उशिरा कोण आला?" ज्याच्या हातून सुटलं त्याला ते कधी बोलले नाहीत. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर त्या प्रश्नाची किंमत मला कळली. त्यामुळे धरणारा पोरगा पुढच्या वेळी हात घालायला घाबरत नाही, आणि बाकीच्या सहा जणांना कळतं की पकड एकट्याची नसते.

रावेर-यावलकडचे मित्र इथे आहेत. केळीच्या बागेभोवती आपण शेवरी लावतो. शेवरी वारा बंद करत नाही, त्याचा जोर मोडते. आत पोचेपर्यंत वाऱ्यात घड पाडण्याइतकी ताकद उरत नाही. बचाव असाच असतो. प्रत्येक चढाईपटू बाद व्हायला हवा असं नाही. पाच-सहा चढाया तो रिकाम्या हाताने परत गेला, तरी त्याचा जोर मोडतो आणि सातव्या वेळी तो घाई करतो. ही वाट पाहायला चौदा वर्षांच्या पोराला शिकवणं, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम.

आता जिवाशी येणारी गोष्ट सांगतो. अमेरिकेत त्या फुटबॉलमध्ये इतकी तरुण पोरं दगावत होती की 1905 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. दुसऱ्या वर्षी नियम बदलले. पुढे हेल्मेट मजबूत झालं, तशी पोरं डोकंच पुढे करून धडक द्यायला लागली आणि मानेचे मणके मोडायला लागले. 1976 मध्ये शाळा-कॉलेजच्या खेळात डोक्याने धडक देण्यावर बंदी आली, आणि मानेच्या त्या भयंकर दुखापती झपाट्याने कमी झाल्या. मघाशी ज्या सिएटल संघाचं नाव घेतलं, त्याच्या कोचने 2014 मध्ये रग्बीतली पद्धत घेऊन खांद्याने धरायचं आणि डोकं बाजूला ठेवायचं, हे शिकवणारी चित्रफीतच काढली. जगज्जेत्यांचा कोच शाळकरी पोरांना सांगत होता की डोकं वाचवा.

आमच्याकडे तर हेल्मेटही नसतं. मांडीची पकड शिकवताना माझा पहिला नियम असा की तुमचं डोकं चढाईपटूच्या गुडघ्यासमोर येता कामा नये. डोकं त्याच्या पाठीच्या बाजूला, गाल त्याच्या कमरेला, नजर वर. मान खाली घालून घुसणारा पोरगा कितीही धाडसी असो, त्याला मी त्या दिवशी बाहेर बसवतो. नवा पोरगा आला की पहिला महिना पकड नाहीच, नुसतं पडायला शिकायचं. कुशीवर कसं पडायचं, हात टेकून मनगट कसं मोडून घ्यायचं नाही, आपल्या अंगावर दुसरा पडणार असेल तर अंग कसं गोळा करायचं. आई-बाप येऊन विचारतात, "सर, महिना झाला, पोरगं नुसतं लोळतंय?" मी म्हणतो, लोळू द्या. धरायला लागेल तेव्हा धड घरी येईल.

या कामात अनुभवाला किती किंमत आहे, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या नाशिकचं आहे. 1990 पासून आशियाई स्पर्धांमध्ये पुरुषांच्या कबड्डीचं सुवर्ण दर वेळी भारताकडेच आलं होतं. 2018 ला जकार्तात उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला 27–18 असं हरवलं. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनेच 27–24 अशी बाजी मारली. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं मुली घडवलेल्या बाई परक्या देशात गेल्या आणि त्यांनी सुवर्ण जिंकणारा संघ उभा केला. आपण हरलो याचं वाईट वाटलंच. पण विद्या आपल्याच मातीतली होती, हेही खरं.

इराणच्या पुरुषांची ताकदही पकडीतच. फझल अत्राचली आणि मोहम्मदरझा शादलूई, दोघेही डाव्या कोपऱ्याचे. 2023 च्या प्रो कबड्डी लिलावात शादलूईसाठी पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाख मोजले, आणि त्याच मोसमात, 1 मार्च 2024 ला, पलटणने विजेतेपद मिळवलं. हे आकडे मी पोरांना मुद्दाम सांगतो. कारण मैदानावर आलेल्या वीस पोरांना विचारलं, काय व्हायचंय, तर अठरा हात चढाईसाठी वर होतात. टाळ्या चढाईला मिळतात, फोटो चढाईचा छापला जातो. उरलेले दोन हात जपून ठेवावे लागतात. नियमही त्यांच्या बाजूने आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड केली तर एक गुण जादा मिळतो. संघ संपत आलेला असताना जो धरतो, त्याचं मोल खेळालाही ठाऊक आहे.

मित्रांनो, हे सगळं सांगण्यामागे माझा स्वार्थ आहे. या आठवड्यात मी मुद्दाम चार संध्याकाळी आपल्या शाळेच्या मैदानावर येऊन थांबलो. पोरं येतात. रोज पंचवीस-तीस येतात. शिकवायला कुणी नाही. सर निवृत्त झाल्यानंतर ती जागा भरलेली नाही. पोरं मोबाइलवर सामने बघतात आणि तशाच उड्या मारतात. तिकडे खाली मॅट असते, बाजूला डॉक्टर असतो, मागे दहा वर्षांचा सराव असतो. इथे खाली आपली उन्हात तडकलेली काळी जमीन आहे. गेल्या हिवाळ्यात एका गावच्या स्पर्धेत आठवीतला एक पोरगा डोकं पुढे करून गुडघ्यावर गेला. मी प्रेक्षकांत होतो. पोरगा वाचला, पण कित्येक महिने गळ्यात पट्टा घालून शाळेत जात होता. त्याला कुणी चुकीचं शिकवलं नव्हतं. कुणी काही शिकवलंच नव्हतं.

मघाशी दोघा-तिघांनी सांगितलं की बॅचतर्फे मैदानासाठी निधी गोळा करू, मॅट घेऊ. जरूर घ्या, मी हात जोडून आभार मानीन. पण मॅट पोराला सांगत नाही की डोकं बाजूला ठेव. त्यासाठी माणूस लागतो, आणि तो आठवड्यातून दोनदा लागतो.

आपल्या बॅचच्या संघातले पाच जण आज या मांडवात आहेत. तिघे धुळ्यातच राहतात. नावं घेत नाही, ते आत्ताच माना खाली घालायला लागलेत. तुमचे गुडघे आता साथ देत नाहीत, मला माहीत आहे, माझेही देत नाहीत. तुम्हाला खेळायचं नाहीये. उभं राहून बघायचंय, आणि पोरगा मान खाली घालून घुसला की शिट्टी वाजवायचीय. बाकी तंत्र मी देतो. पहिले तीन महिने मी स्वतः जळगावहून दर मंगळवारी आणि शनिवारी येईन.

आणि मैत्रिणींनो, तुमच्याकडे वेगळं मागणं आहे. त्या पंचवीस-तीस पोरांत मुली सहाच आहेत. बाकीच्यांना घरचे पाठवत नाहीत, कारण मैदानावर एकही बाई नसते. तुमच्यापैकी एक जण जरी तासभर तिथे खुर्ची टाकून बसली, तरी सहाच्या पंधरा होतील. आपल्या वेळच्या मुलींच्या संघाची कप्तान समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. ताई, तुमच्याकडेच बघून बोलतोय.

गुरुजनांनो, तुम्ही आम्हाला पुष्कळ दिलंत, आणि दर मेळाव्यात आम्ही शाल-श्रीफळ देऊन आभार मानतो. या वेळी त्यासोबत एक वेळापत्रक द्यावं असं वाटतं. मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते सात. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. माझं नाव पहिल्या ओळीत आहे, खाली नऊ ओळी रिकाम्या आहेत. सर, तुम्ही फक्त एकदा या, आणि पोरांना तो प्रश्न विचारा.